एक पाऊल दोनदा मोजले तर?

अलीकडे पुष्कळ घरांत रात्री जेवताना एक नवा प्रश्न ऐकू येतो : "आज किती पावले झाली?" खिशातला फोन एक आकडा सांगतो. मनगटावरचा पट्टा दुसराच सांगतो. आणि ह्या दोघांचा हिशेब एकत्र मांडणारे आरोग्याचे अॅप तिसराच आकडा दाखवते. समजा, फोन म्हणतो 7,500, पट्टा म्हणतो 8,000 आणि अॅप म्हणते 9,500. चालणारा माणूस एक, दिवसही एकच. मग आकडे तीन कसे? बरे, पहिल्या दोन आकड्यांची बेरीज करावी तर ती 15,500 होते. ती तर कोठेच दिसत नाही!

फोन आणि पट्टा ह्यांच्या नोंदी अॅपपर्यंत नेऊन जुळवणे ह्याला सगळे जण 'सिंक करणे' म्हणतात. आपल्या दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर हा हिशेबाचा 'मेळ घालणे' होय. हा मेळ बसतो कसा आणि कधी कधी बसत नाही तो का, हे आज आपण पाहू. त्यासाठी लागणारे गणित आणि पदार्थविज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

जपमाळेवरची पावले

पावले मोजून ती लिहून ठेवण्याची कल्पना नवी नाही. कुमाऊँमधील मिलम गावचे नैनसिंह रावत हे शाळामास्तर होते. म्हणूनच त्यांना 'पंडित' म्हणत. भारताच्या सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन माँटगोमेरी ह्यांच्या योजनेप्रमाणे डेहराडून येथे त्यांना शिक्षण देण्यात आले आणि 1865 साली ते तिबेटच्या वाटेला लागले. त्या काळी तेथे परक्यांना मज्जाव होता. उघडपणे मोजमाप करणे म्हणजे जिवाशी खेळ होता. म्हणून यात्रेकरूच्या वेषात त्यांनी पावले मोजली.

त्यांच्या हातातील जपमाळेत नेहमीचे 108 मणी नव्हते, 100 होते. दर शंभर पावलांना एक मणी पुढे सरकवायचा. म्हणजे माळेची एक फेरी पुरी झाली की 10,000 पावले झाली. त्यांचे पाऊल सरावाने इतके सारखे झाले होते की 2,000 पावलांत एक मैल पुरा होई. एक मैल म्हणजे 1,609 मीटर; तेव्हा एक पाऊल सुमारे 80 सेंटीमीटरचे झाले. माळेची एक फेरी म्हणजे पाच मैल, अर्थात सुमारे आठ किलोमीटर! जानेवारी 1866 मध्ये ते ल्हासाला पोचले. पुढे 1877 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी. नैनसिंहांनी नुसती बेरीज आणली असती तर तिचा उपयोग काय झाला असता? "मी लाखो पावले चाललो" एवढ्यावरून नकाशा काढता येत नाही. त्यांनी प्रत्येक टप्प्याची पावले, दिशा आणि निरीक्षणे कागदाच्या कपट्यांवर टिपली आणि ते कपटे प्रार्थनाचक्रात लपवून परत आणले. आकड्याबरोबर तो कोठला, कधीचा आणि कोणत्या टप्प्याचा हेही आले, म्हणून तो उपयोगी पडला. आपल्या तीन आकड्यांच्या कोड्याची किल्लीही हीच आहे.

पट्ट्याला पाऊल कसे कळते?

पट्ट्याला डोळे नाहीत. तो आपले पाय पाहत नाही; त्याला फक्त हिसके कळतात. त्याच्या आत सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेला त्वरणमापक असतो. एक सूक्ष्म वस्तुमान नाजूक पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर तोललेले असते आणि त्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. समोर दुसरे स्थिर दाते असतात. ह्या दोहोंचे मिळून एक संधारित्र बनते. रेडिओ दुरुस्त करणारे त्याला कंडेन्सर म्हणतात. हिसका बसला की वस्तुमान मागे राहते (न्यूटनचा पहिला नियम!), दात्यांमधील अंतर बदलते आणि संधारित्राची धारिता बदलते. हा बदल मोजला की त्वरण कळते.

असे मापन तीन परस्पर लंब दिशांना केले जाते. पण फोन पिशवीत उभा आहे की आडवा, हे ठाऊक नसते. म्हणून तिन्ही दिशांच्या त्वरणांचे वर्ग करून बेरीज करतात आणि तिचे वर्गमूळ काढतात. हा पायथागोरसचाच सिद्धान्त, फक्त तीन दिशांचा. टेबलावर स्वस्थ पडलेल्या फोनमध्ये हे उत्तर गुरुत्वत्वरणाइतके, म्हणजे सेकंद वर्गाला सुमारे 9.8 मीटर येते. चालताना प्रत्येक पाऊल टेकताच ते वाढते आणि मग कमी होते. आलेख काढला तर टेकड्यांची रांग दिसेल. साधारण चालीत सेकंदाला जवळजवळ दोन पावले पडतात. म्हणून सेकंदाला दोनच्या आसपास वारंवारता असलेल्या टेकड्या सलग दिसू लागल्या की साधन म्हणते, "माणूस चालतो आहे", आणि टेकड्या मोजू लागते.

म्हणजे साधन पाऊल पाहत नाही, त्याचा अंदाज बांधते. आणि अंदाज म्हटला की तो चुकणारच. पोळ्या लाटताना हात तालात पुढे-मागे होतो. पट्ट्याला ती चाल वाटू शकते. उलट, दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या असल्या की हात हलत नाहीत आणि खरी पावलेही निसटतात. वॉकरला धरून सावकाश चालणाऱ्या आजोबांची पावले पट्ट्याला फार कमी दिसतात. रिक्षाच्या इंजिनाची थरथर पावलांपेक्षा कितीतरी जलद असते आणि लोकलचे हेलकावे बेताल असतात, म्हणून ती दोन्ही बहुधा वगळली जातात. पण अंधेरीच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत आपण मुंगीच्या पावलांनी सरकतो, तेव्हा आपली खरी चालही बेतालच असते!

आणखी एक गोष्ट. खोटी पावले मोजली जाऊ नयेत म्हणून पुष्कळ साधने काही पावले सलग पडेपर्यंत वाट पाहतात आणि मगच मोजणी मान्य करतात. उपनगरातील दोन खोल्यांच्या घरात सलग दहा पावले टाकायला जागा तरी असते का? ओटा ते मोरी तीन पावले, मोरी ते दार चार पावले. दिवसभर उभ्याने राबणाऱ्या बाईच्या खात्यात संध्याकाळी थोडीच पावले जमा दिसतात. त्यावरून "ह्या काही चालत नाहीत" असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

दुधाच्या हिशेबातील धडा

आता दोन साधनांच्या आकड्यांचा मेळ घालू. त्यासाठी आधी घरचेच एक उदाहरण घ्या.

एकतीस दिवसांच्या महिन्यात दूध किती दिवस आले, ह्याची खूण आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर करते आणि आजोबा आपल्या डायरीत करतात. दोघेही खोटी खूण करीत नाहीत, पण कधी कधी विसरतात. महिनाअखेरीला आईच्या खुणा 26 आणि आजोबांच्या 27 भरल्या. दूध किती दिवस आले? 26 अधिक 27 बरोबर 53 दिवस, असे म्हणणाऱ्याला गवळीसुद्धा हसेल. पण मग 27 म्हणावे काय? तेही निश्चित नाही. आई ज्या दिवशी विसरली त्या दिवशी आजोबांनी खूण केली असेल आणि उलटही झाले असेल. दूध कमीत कमी 27 दिवस आणि जास्तीत जास्त 31 दिवस आले असेल, एवढेच ह्या दोन बेरजांवरून सांगता येते.

ह्यावर उपाय एकच. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून तारखेला तारीख लावून पाहायची. तुम्ही संच शिकला आहात. आईच्या तारखांचा एक संच आणि आजोबांच्या तारखांचा दुसरा. आपल्याला हवा तो दोहोंचा संयोग. त्यातील घटकांची संख्या म्हणजे दोन्ही संचांतील घटकांची बेरीज वजा छेदसंचातील घटक. समजा, 24 तारखांवर दोघांच्याही खुणा आहेत. तर 26 अधिक 27 वजा 24, म्हणजे 29 दिवस दूध आले. तारखा नसत्या तर हे 24 कोठून आणले असते?

पावलांचेही असेच आहे. पावलाला नाव नसते, पण वेळ असते. दिवसाच्या दोन बेरजांचा मेळ कधीच घालता येत नाही. वेळ लिहिलेल्या दोन नोंदवह्यांचा घालता येतो. म्हणून फोन आणि पट्टा दिवसाची बेरीज तेवढी पाठवत नाहीत. 'अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत इतकी पावले, मोजणारा अमुक' अशा तुकड्यातुकड्यांच्या नोंदी ते पाठवतात.

चार तुकड्यांचा दिवस

आता सुरुवातीचे कोडे सोडवू. समजा, हे आकडे मुलुंडला राहणाऱ्या आणि घाटकोपरच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचे आहेत. त्यांच्या दिवसाचे चार तुकडे करू.

सकाळी घर ते शाळा (फोन पर्समध्ये, पट्टा हातात) : फोन 2,900, पट्टा 3,000.

शाळेत (फोन कपाटात, पट्टा हातात) : फोनची नोंद नाही, पट्टा 2,400.

दुपारी बाजार करून घरी (दोन्ही हातांत पिशव्या) : फोन 3,100, पट्टा 2,600.

संध्याकाळचा फेरफटका (पट्टा चार्जिंगला, फोन बरोबर) : फोन 1,500, पट्ट्याची नोंद नाही.

बेरीज करून पाहा : फोन 7,500, पट्टा 8,000. दोघांपैकी प्रत्येकाच्या वहीत दिवसाचा एक एक तुकडा कोराच आहे.

मेळ घालताना दुसऱ्या आणि चौथ्या तुकड्याबद्दल वाद नाही. एकाचीच नोंद आहे, तीच घ्यायची. पण पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्यात दोन साक्षीदार आहेत आणि त्यांचे म्हणणे वेगळे आहे. येथे नियम ठरवावा लागतो. 'पट्ट्याची नोंद असेल तेथे पट्टा, नसेल तेथे फोन' असा नियम केला तर 3,000, 2,400, 2,600 आणि 1,500 मिळून 9,500 होतात. हाच आपल्या अॅपचा आकडा. 'आधी फोन, मग पट्टा' असा उलटा नियम केला तर 2,900, 2,400, 3,100 आणि 1,500 मिळून 9,900. आणि 'जो आकडा मोठा तो घ्यावा' म्हटले तर 3,000, 2,400, 3,100 आणि 1,500 मिळून बरोबर 10,000!

पावले तीच, नोंदी त्याच, तरी नियमागणिक उत्तरे तीन. ह्यांतले कोणतेच उत्तर लबाडीचे नाही. अॅपलच्या फोनमधील 2014 सालापासूनच्या आरोग्य नोंदवहीत आणि अँड्रॉइड फोनमधील 'हेल्थ कनेक्ट' ह्या सोयीत कोणत्या साधनाला वा अॅपला अग्रक्रम द्यायचा, हे वापरणाऱ्याला ठरवता येते. म्हणजे नियम बदलला की जुना दिवसही नवा आकडा दाखवू शकतो.

घड्याळ कोणाचे खरे?

तारखेला तारीख लावायची तर दोघांचे कॅलेंडर एकच हवे. पावलांच्या बाबतीत दोघांचे घड्याळ एकच हवे. समजा, पट्ट्याची बॅटरी पार उतरली आणि त्याचे घड्याळ दहा मिनिटे मागे राहिले. तुम्ही 6:30 ते 6:40 ह्या वेळात 1,000 पावले चाललात. फोनने ती 6:30 ते 6:40 अशी लिहिली. पट्ट्याने तीच 6:20 ते 6:30 अशी लिहिली. अॅपला वाटले, हे दोनदा चालणे झाले. एक पाऊल दोनदा मोजले गेले आणि 1,000 ची 2,000 झाली!

पट्ट्याच्या घड्याळाचे हृदय म्हणजे क्वार्ट्‌झचा एक चिमुकला स्फटिक. तो सेकंदाला 32,768 आंदोलने करतो. हा विचित्र आकडा का निवडला? दोनचा पंधरावा घात काढून पाहा. ह्या संख्येला पंधरा वेळा निम्मे केले की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो, आणि निम्मे करणारे मंडल बनवणे फार सोपे असते. अशा स्फटिकात दहा लाखांत 20 भागांची चूक धरली तर 86,400 सेकंदांच्या दिवसात 1.7 सेकंदांचा फरक पडतो, महिन्यात सुमारे 52 सेकंदांचा. म्हणून पट्टा फोनला जोडला गेला की पावले देण्याबरोबरच फोनकडून वेळही घेतो. फोन ती मोबाइलच्या जाळ्याकडून वा इंटरनेटवरून घेतो. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या आधारे राखते.

एकाच गावात दोन घड्याळे असली की काय होते, हे मुंबईने अनुभवले आहे. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. परंतु मुंबईची स्वतःची 'मुंबई वेळ' ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती आणि शहरात ती पुढेही बरीच वर्षे चालू राहिली. फरक 39 मिनिटांचा! कोणी "सात वाजता भेटू" म्हटले की "कोणत्या सात वाजता?" असे विचारावे लागे.

आजच्या संगणकांनी हा घोळ टाळण्यासाठी सर्व नोंदी जागतिक प्रमाणवेळेत ठेवण्याचा रिवाज पाडला आहे. पण त्यातही एक खळगा आहे. जागतिक वेळेनुसार मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. समजा, बोरिवलीचे एक आजोबा पहाटे 4:45 ते 5:25 असे फिरून आले. जागतिक वेळेत ती आदल्या दिवसाची रात्रीची 11:15 ते 11:55 ही वेळ झाली. अॅप बनवणाऱ्याने दिवस मोजताना स्थानिक वेळेत रूपांतर करण्याचे विसरले, तर आजोबांची सगळी पावले कालच्या खात्यात जमा होतात. आजोबा पहाटे चालून येतात आणि अॅप म्हणते, "आज आपण चालला नाहीत!"

पोच मिळाली नाही तर?

पट्टा आपल्या नोंदी ब्लूटूथच्या रेडिओलहरींनी फोनला देतो. ह्या लहरींची वारंवारता सुमारे 2.4 अब्ज हर्ट्‌झ असते. आपल्या शरीरात पुष्कळ पाणी असते आणि ते ह्या लहरी बऱ्याच प्रमाणात शोषून घेते; म्हणून गर्दीत वा अंगाआड संदेश तुटू शकतो. त्यामुळे पट्टा नोंदी स्वतःजवळ साठवतो आणि जमेल तेव्हा पाठवतो. फोनने त्या मिळाल्याची पोच द्यायची असते.

आता असे समजा की नोंद पोचली, पण पोच वाटेत हरवली. पट्ट्याला वाटेल, नोंद गेलीच नाही. तो ती पुन्हा पाठवील. फोनने ती नवी समजून पुन्हा जमा केली तर? म्हणून प्रत्येक नोंदीला ओळखक्रमांक दिलेला असतो. "हा क्रमांक आधीच आला आहे" असे दिसले की घेणारा ती दुसऱ्यांदा जमा करीत नाही, फक्त पोच पुन्हा देतो. चांगल्या व्यवस्थेत एकच नोंद दहा वेळा आली तरी हिशेब बदलत नाही.

फोनमधल्या मोजकाचीही एक खोड आहे. अँड्रॉइड फोनमध्ये 2013 सालापासून असलेला पावलांचा मोजक विजेच्या मीटरसारखा चढत जातो. दोन वाचनांची वजाबाकी केली की मधली पावले मिळतात. पण फोन बंद करून पुन्हा चालू केला की तो शून्यावर येतो. आधीचे वाचन 6,000 आणि नंतरचे 400 असले तर वजाबाकी उणे 5,600! उणे पावले कोणीच चालत नाही. 'मीटर बदलला' हे ओळखण्याची अक्कल अॅपला द्यावी लागते.

आकड्याचे मोल

तुम्ही म्हणाल, "पाचशे पावले इकडची तिकडे झाली तर बिघडले कुठे?" पूर्वी काही बिघडले नसते. पण आता ह्या आकड्याला मोल आले आहे. 2014 साली विशाल गोंदल ह्यांनी सुरू केलेल्या 'गोकी' ह्या कंपनीने पावलांचे गुण करून ते चांगल्या कामाला देण्याची कल्पना आणली. केंद्र सरकारने 29 ऑगस्ट 2021 रोजी 'फिट इंडिया' अॅप सुरू केले, त्यातही पावले मोजण्याची सोय ठेवली. विमा नियामक प्राधिकरणाने 2020 साली स्वास्थ्यविषयक सवलतींबद्दल सूचना काढल्या आणि काही आरोग्यविमा योजनांत रोजच्या पावलांवर गुण वा सवलत मिळते. सवलतीची रेषा 10,000 वर आखलेली असेल, तर आपल्या बाईंना एका नियमाने ती मिळेल आणि दुसऱ्या नियमाने मिळणार नाही. चालण्यात मात्र काडीचा फरक नाही!

ही दहा हजारांची रेषा तरी कोठून आली? 1965 साली जपानमध्ये एक पाऊलमापक विक्रीला आला. त्याचे नाव 'मानपो-केइ', म्हणजे 'दहा हजार पावलांचे मापक'. आकडा गोल, लक्षात राहणारा. तो जगभर पसरला. तो प्रयोगशाळेतून निघालेला नव्हता. 2019 साली अमेरिकेतील 16,741 वयस्क स्त्रियांच्या (सरासरी वय 72) अभ्यासात असे आढळले की, रोज सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी होते आणि सुमारे 7,500 नंतर त्यात आणखी घट दिसली नाही. तेव्हा 9,500 झाली म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मेळ घालण्यासाठी प्रत्येक नोंदीला वेळ जोडावी लागते, हे आपण पाहिले. पण त्याच वेळेवरून तुम्ही कधी उठता, घरातून कधी निघता, कोणत्या दिवशी आजारी होता, हेही कळते. ठिकाण जोडले तर आणखीच. 'स्ट्राव्हा' ह्या कंपनीने 2017 च्या नोव्हेंबरात लोकांच्या धावण्या-चालण्याच्या नोंदींचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यावर लष्करी तळांच्या वाटाही चमकत आहेत, हे जानेवारी 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले! भारताने 2023 साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. तेव्हा अॅप परवानगी मागते त्या वेळी घाईने 'हो' म्हणू नका. पावले मोजायला तुमचे ठिकाण कशाला हवे, असे जरूर विचारा.

करून पाहा

1. मित्राला मैदानावर 200 पावले चालायला सांगा आणि ती तुम्ही मोठ्याने मोजा. फोन आधी त्याच्या खिशात, मग हातात, मग पिशवीत ठेवून प्रत्येक वेळी पाच पाच प्रयोग करा. कोणती जागा सर्वांत खरी, आणि कोणत्या जागी उत्तरे सर्वांत जवळजवळची? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आकडा थोड्या उशिराने वाढतो. म्हणून थांबल्यावर अर्धा मिनिट वाट पाहा.

2. फोन नसेल तर नैनसिंहांचे साधन वापरा. डाव्या खिशात वीस चिंचोके ठेवा आणि दर शंभर पावलांना एक उजव्या खिशात टाका. मैदानाची फेरी टेपने मोजून आपल्या पावलाची सरासरी लांबी काढा. मग गणित करा : आळंदी ते पंढरपूर ही वारीची वाट सुमारे 250 किलोमीटर आहे. पाऊल 65 सेंटीमीटरचे धरले तर वारकऱ्याची पावले किती? (उत्तर : सुमारे 3,85,000.)

3. दोघांनी अर्धा तास शाळेच्या फाटकातून आत येणारी माणसे एकमेकांशी न बोलता मोजावीत. एकदा फक्त बेरीज लिहावी. दुसऱ्यांदा प्रत्येक माणसासमोर वेळ लिहावी. दोघांच्या नोंदींचा मेळ कोणत्या वेळी घालता आला, हे वर्गात सांगावे.

शाळेत पावलांची स्पर्धा ठेवायची असेल तर शिक्षकांना एक विनंती : मेळ घालण्याचा नियम आधी फळ्यावर लिहावा, तो सर्वांना एकच असावा, आणि पट्टा नसलेल्या मुलाला चिंचोक्यांनी मोजलेली पावले लिहून देण्याची मुभा असावी. कोणताही आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या : कोणी मोजला? कधी मोजला? आणि कोणत्या नियमाने जुळवला? ह्या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर मगच त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवा.